बंदुकीचा परवाना : अमेरिकेतील एक उलटा प्रवास

आपल्या खेड्यांत बंदूक ही काही अगदी अनोळखी वस्तू नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोकणात आणि घाटमाथ्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आहेत. पण त्या बंदुकीमागे एक कागद असतो. अर्ज करावा लागतो, पोलिसांची चौकशी होते, मग परवाना मिळतो. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि निवडणूक आली की पुष्कळदा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. बंदूक म्हटली की परवाना आलाच, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की याहून वेगळे काही असू शकेल असे सहसा आपल्या ध्यानातही येत नाही.

आता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे पाहा. तिथे पन्नास राज्ये आहेत आणि असल्या बाबतीत प्रत्येक राज्य आपापला कायदा करते. या पन्नासांपैकी एकोणतीस राज्यांत २०२४ अखेर अशी स्थिती होती की, कायद्याने अपात्र न ठरलेला प्रौढ माणूस भरलेले पिस्तूल कोटाखाली लपवून बाजारात, रस्त्यावर, दुकानात हिंडू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणाकडूनही परवाना घ्यावा लागत नाही. १९८७ साली असे राज्य एकच होते, व्हर्मॉन्ट. २००३ मध्ये दोन झाली. त्यापुढच्या वीसएक वर्षांत ती एकोणतीस झाली. हे असं का झालं आणि कसं झालं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘बिनपरवाना’ याचा अर्थ ‘बिनकायदा’ असा नव्हे. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी झालीच पाहिजे, असे तिथल्या मध्यवर्ती सरकारच्या १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ठरविले आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक जवळ ठेवता येत नाही. किमान वयाची अट आहे, ती कुठे एकवीस वर्षांची तर कुठे अठरा वर्षांची आहे. न्यायालये, शाळा अशा ठिकाणी बहुतेक मनाई असते. तेव्हा प्रश्न बंदूक विकत घेण्याचा नसून ती अंगावर बाळगून चारचौघांत वावरण्याचा आहे. त्यासाठी पूर्वी सरकारची परवानगी लागे, ती आता या राज्यांत लागत नाही.

पुष्कळांची समजूत अशी असते की, अमेरिकन माणूस पहिल्यापासूनच कमरेला पिस्तूल लावून हिंडत आला आणि आताचे कायदे म्हणजे जुन्या रीतीचेच पुनरागमन आहे. चित्रपटांनी ही समजूत आणखी घट्ट केली. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली दहा दुरुस्त्या झाल्या. त्यांतली दुसरी शस्त्रांविषयी आहे. स्वतंत्र राज्याच्या रक्षणासाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक आहे असे सांगून, शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा येऊ नये, असा तिचा आशय आहे. ही दुरुस्ती होऊन बावीस वर्षे होतात न होतात तोच, १८१३ साली, केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी करणारे कायदे केले. पुढे टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा अशी दक्षिणेकडची इतर राज्येही त्याच वाटेने गेली. त्या काळची भावना अशी होती की, सरळ माणूस शस्त्र घेईल तर उघड घेईल, लपविणाऱ्याच्या मनात काही तरी काळेबेरे असले पाहिजे. त्या वेळच्या न्यायालयांनीही बहुधा हाच विचार उचलून धरला.

केंटकीचे उदाहरण तर मोठे बोधप्रद आहे. १८२२ साली तिथल्या न्यायालयाने ही बंदी राज्याच्या घटनेविरुद्ध आहे म्हणून रद्द ठरविली. तेव्हा लोकांनी काय करावे? त्यांनी १८५० च्या नव्या घटनेत स्पष्ट लिहून टाकले की, लपविलेल्या शस्त्रांना बंदी करण्याचा अधिकार विधिमंडळाला राहील. म्हणजे बंदी टिकावी म्हणून घटनाच बदलली.

टेक्सास म्हणजे तर गुराख्यांचा प्रांत. पण १८७१ साली टेक्सासने असा कायदा केला की, घर, प्रवास किंवा तत्काळ हल्ल्याची सकारण भीती असे काही अपवाद सोडल्यास पिस्तूल अंगावर बाळगायचेच नाही, ना उघड, ना लपवून. ॲरिझोना हे तेव्हा राज्यही नव्हते. तिथल्या टूमस्टोन या खाणींच्या गावाने १८८१ मध्ये नियम केला की, बाहेरून येणाऱ्याने गावात शिरताच आपली शस्त्रे तबेल्यात किंवा गुत्त्यात ठेवून द्यावीत. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तिथे जी चकमक झाली तिच्यावर पुढे कितीतरी चित्रपट निघाले. तिच्यात तिघे जण ठार झाले. त्या भांडणामागे जुनी वैरे होती हे खरे, पण त्या दिवशी गावचा पोलीस अधिकारी आपल्या सोबत्यांना घेऊन निघाला तो हाच शस्त्रबंदीचा नियम अंमलात आणायला, हे चित्रपट पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही.

असो. सांगण्याचा मुद्दा असा की, चारचौघांत शस्त्र घेऊन वावरण्यावर निर्बंध असणे ही अमेरिकेत काही अलीकडची नवलाई नव्हती. ज्या केंटकीने १८१३ साली बंदी घातली त्याच केंटकीने २०१९ मध्ये परवाना काढून टाकला. लुइझियानाने २०२४ मध्ये तेच केले. टेक्सासने १८७१ ची बंदी सोडता सोडता २०२१ मध्ये परवानाही सोडला. हा प्रवास जुन्याकडे परत जाणारा नसून एका अगदी नव्या दिशेने झालेला आहे.

मग मधल्या काळात काय घडले? बंदी सरसकट चालेना म्हणून परवाना आला. कोणाला खरीच गरज असेल तर अधिकाऱ्याने चौकशी करून परवानगी द्यावी, अशी ती योजना होती. योजना दिसायला शहाणपणाची होती. पण तिच्यात एक शब्द दडलेला होता : अधिकाऱ्याची मर्जी. परवाना ‘देता येईल’ असे कायदा म्हणे, ‘द्यावा’ असे म्हणत नसे. आता मर्जी म्हटली की ती कोणावर बसेल आणि कोणावर बसणार नाही, हे आपल्या देशात कोणाला समजावून सांगायला नको.

यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हा दक्षिणेतल्या काही राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपीने १८६५ मध्ये ठरविले की, परवान्याशिवाय अशा माणसाने बंदूक बाळगू नये. असा उघड भेद करणे पुढे राज्यघटनेमुळे अवघड झाले. मग कायद्याच्या शब्दांत रंग येईना, पण अंमलात तो येतच राहिला. फ्लॉरिडात १८९३ पासून रायफल आणि पुढे पिस्तूल बाळगण्यास परवाना लागे. १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाने आपल्या निकालपत्रात स्पष्ट नमूद केले की, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला होता आणि गोऱ्यांना तो लावण्याचा हेतू कधीच नव्हता.

हे ऐकून आपल्याकडच्या १८७८ च्या आर्म्स ॲक्टची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लॉर्ड लिटनच्या अमदानीत झालेल्या त्या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते सगळ्यांनाच बंदुका हव्या होत्या म्हणून नव्हे. एकाच देशात दोन माणसांवर सरकारचा वेगवेगळा भरवसा, हा अपमान त्यांना सलत होता.

न्यूयॉर्कमध्ये कारण निराळे होते. १९११ च्या जानेवारीत डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स या नामांकित कादंबरीकाराला शहरात भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी टिमोथी सुलिव्हन या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि पिस्तुलाला परवाना आला. १९१३ पासून ते बाळगायचे तर ‘योग्य कारण’ दाखविणे भाग पडले. योग्य कारण कोणते, हे ठरविणार अधिकारी. त्या काळी शहरात इटलीहून आलेल्या गरीब लोकांविषयी बराच संशय होता आणि या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती एका इटालियन माणसालाच.

पण मर्जीच्या परवान्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५६ चे आहे. मार्टिन ल्यूथर किंग या नावाची ओळख आपल्याला करून द्यायला नको. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात बसगाड्यांमधील भेदाभेदाविरुद्ध त्यांनी लढा चालविला होता. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. बायको आणि तान्हे मूल घरात होते. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याची भीती अधिकाऱ्याला खरी वाटली नाही! पुढे किंग यांनी शस्त्राचा विचारच सोडून दिला आणि अहिंसेचा मार्ग पूर्णपणे पत्करला. परंतु त्यांना परवाना नाकारणारा अधिकारी काही अहिंसेच्या प्रेमापोटी नाकारीत नव्हता.

तेव्हा मर्जीच्या परवान्यात दोष होता, आणि तो मोठा होता. हे मान्य केल्याखेरीज पुढची कहाणी नीट कळणार नाही.

या दोषावर सरळ उपाय काय? उपाय हाच की, मर्जी काढून टाकावी आणि नियम ठेवावा. वय इतके पाहिजे, गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी, शस्त्र चालविण्याचे शिक्षण घेतलेले असावे. एवढे जो पुरे करील त्याला परवाना ‘द्यावाच लागेल’. वॉशिंग्टन राज्याने १९६१ मध्ये असा कायदा केला. याला आपण हक्काचा परवाना म्हणू. मर्जीच्या परवान्यात अर्जदाराने आपली गरज पटवून द्यायची असते, हक्काच्या परवान्यात नकाराचे कारण अधिकाऱ्याला दाखवावे लागते. फरक लहानसा वाटतो, पण राजा आणि प्रजा या नात्याचे नागरिक आणि सेवक असे नाते होते ते याच फरकाने.

याच सुमारास एका संघटनेचे रूप पालटले. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात निघाली, ती लोकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. १९३४ मध्ये तिच्या अध्यक्षाने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना असे मत मांडले होते की, सर्रास शस्त्रे घेऊन हिंडणे बरे नव्हे, त्यावर कडक निर्बंध असावेत आणि परवाना असावा. १९६८ मध्ये केनेडी बंधू आणि किंग यांच्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर मध्यवर्ती सरकारने बंदुकांवर नवा कायदा केला. त्याविरुद्ध सभासदांमध्ये असंतोष साचत गेला. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत बंडखोर सभासदांनी जुन्या पुढाऱ्यांना बाजूला सारले. तेव्हापासून नेमबाजी मागे पडली आणि राजकारण पुढे आले.

फ्लॉरिडात याचे फळ १९८७ मध्ये दिसले. मॅरियन हॅमर या बाईंनी तिथे सतत पाठपुरावा केला आणि राज्याने हक्काचा परवाना मान्य केला. पुढे त्याच बाई या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. फ्लॉरिडाचा कायदा इतर राज्यांना नमुन्यासारखा झाला.

टेक्सासची गोष्ट वेगळी आहे आणि ती ऐकताना मन हळवे होते. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या एका उपाहारगृहात एका माणसाने गोळीबार करून तेवीस जणांना ठार केले. सुझाना हप या तरुण बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवायला आल्या होत्या. त्यांच्याजवळ पिस्तूल होते, पण कायद्याने अंगावर बाळगता येत नाही म्हणून त्यांनी ते मोटारीत ठेवले होते. त्या गोळीबारात त्यांचे आई आणि वडील दोघेही गेले. त्या बाईंनी नंतर गावोगाव आणि राज्याराज्यांत एकच प्रश्न विचारला : माझे पिस्तूल माझ्याजवळ असते तर? १९९५ मध्ये टेक्सासने हक्काचा परवाना दिला, तेव्हा त्यासाठी काही तासांचे शिक्षण आणि नेमबाजीची परीक्षा ठेवली. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. पण असा प्रश्न कानांवर पडला म्हणजे आकडे आणि युक्तिवाद फिके पडतात, हे कायद्याचा इतिहास शिकविणाऱ्याने विसरू नये.

सर्वच लोकांना हे पटले असे मात्र नाही. मिसुरी राज्यात १९९९ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. शहरांनी नको म्हटले, बहुतेक ग्रामीण कौंट्यांनी हवे म्हटले आणि थोडक्या मतांनी तो प्रस्ताव पडला. हा गाव आणि शहर यांतला फरक समजण्यासारखा आहे. जिथे हाक मारली तर पोलीस यायला तास लागतो तिथल्या माणसाला बंदूक राखणदार वाटते. जिथे भिंतीला भिंत लागून माणसे राहतात तिथे तीच बंदूक शेजाऱ्याच्या जिवाला घोर वाटते. दोघेही आपापल्या जागी खोटे नसतात. पुढे २००३ मध्ये मिसुरीच्या विधिमंडळाने राज्यपालाचा नकार डावलून परवान्याचा कायदा केला आणि २०१६ मध्ये पुन्हा राज्यपालाचा नकार डावलून परवानाच काढून टाकला.

आता आपण तिसऱ्या पायरीवर आलो. मर्जीचा परवाना गेला, हक्काचा आला. इथे थांबता आले असते. पण वाद पुढे सरकला. म्हणू लागले, हक्क आहे ना? मग हक्काला परवाना कशाला? बोलण्यासाठी, देवळात जाण्यासाठी परवाना लागतो का? शिवाय फी, शिक्षणाचा खर्च, कचेरीच्या खेपा यांचा भार गरिबावरच जास्त पडतो. गुन्हेगार तर परवाना मागायला येतच नाही. या मंडळींनी व्हर्मॉन्टकडे बोट दाखविले. त्या छोट्या राज्यात रटलंड शहराने शस्त्र बाळगण्यास महापौराची किंवा पोलीसप्रमुखाची परवानगी लागेल असा नियम केला होता. १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हापासून तिथे परवाना नाही आणि गुन्हेही फार नाहीत.

२००३ मध्ये अलास्काने व्हर्मॉन्टचा कित्ता गिरविला. २०१० मध्ये ॲरिझोनाने, म्हणजे त्या टूमस्टोन गावाच्या राज्याने. तिथला युक्तिवाद मोठा मजेदार होता. उघडे पिस्तूल लावायला तिथे परवाना लागतच नसे. मग थंडी वाजली म्हणून वरून कोट घातला की तोच माणूस गुन्हेगार कसा होतो? १८१३ मध्ये ज्या कारणाने उघडे आणि लपविलेले यांत भेद केला गेला, ते कारण लोकांच्या स्मरणातून पार पुसले गेले होते.

त्यानंतर २०११ मध्ये वायोमिंग, २०१५ मध्ये कॅन्सस आणि मेन, २०१६ मध्ये मिसिसिपी, आयडाहो, वेस्ट व्हर्जिनिया आणि मिसुरी, २०१७ मध्ये न्यू हॅम्पशायर आणि नॉर्थ डकोटा, २०१९ मध्ये साउथ डकोटा, ओक्लाहोमा आणि केंटकी. आर्कान्सॉत जुन्याच कायद्याच्या अर्थावर वाद होऊन तेही राज्य या यादीत आले. २०२१ या एका वर्षात युटा, माँटाना, आयोवा, टेनेसी आणि टेक्सास अशी पाच राज्ये. २०२२ मध्ये अलाबामा, ओहायो, इंडियाना, जॉर्जिया. २०२३ मध्ये फ्लॉरिडा आणि नेब्रास्का. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना. नकाशा पुढे घेऊन बसलात तर दिसेल की, दक्षिण आणि मधला ग्रामीण भाग जवळजवळ सलग रंगला आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशी मोठ्या शहरांची राज्ये बाहेर आहेत.

ही लाट इतकी वेगाने का पसरली? एक कारण म्हणजे पक्षीय राजकारण. यांतल्या बहुसंख्य राज्यांत विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या हाती होते. तिथे खरी चुरस पक्षाबाहेर नसून पक्षाची उमेदवारी मिळविण्यात असते, आणि त्या चुरशीत कोण जास्त कट्टर याला भाव येतो. शेजारच्या राज्याने परवाना काढला की इथला आमदार मागे कसा राहणार? दुसरे कारण असे की, पूर्वी टूमस्टोनसारखे गाव स्वतःचा नियम करू शके. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक राज्यांनी असा अधिकार गावांकडून आणि शहरांकडून काढून घेतला. त्यामुळे राजधानीत एकदा कायदा झाला की तो खेड्यालाही आणि महानगरालाही सारखाच लागू होतो.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे अनेक राज्यांत खुद्द पोलीस अधिकाऱ्यांनी या कायद्यांना विरोध केला. अलाबामात शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले कौंटीचे पोलीसप्रमुख, उघडपणे विरुद्ध बोलले. त्यांचे म्हणणे होते की, रात्री गाडी थांबविल्यावर परवाना मागता येतो आणि समोरचा माणूस कोण हे चटकन कळते, ते साधन आमच्या हातून जाईल. परवान्याची फी शेरीफच्या कचेरीला मिळे, तीही बुडणार होती. बुडालेले उत्पन्न भरून देण्याची राज्याने तजवीज केली, पण कायदा केलाच.

आता न्यायालयांकडे वळू. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, नुसता नागरी सेनेचा नाही. मग २३ जून २०२२ चा निकाल आला. न्यूयॉर्कचा तो १९१३ पासूनचा ‘योग्य कारण’ मागणारा मर्जीचा परवाना सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. त्याआधी महिनाभरच टेक्सासमधील युव्हाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गोळीबारात बळी पडल्या होत्या. सगळा देश सुन्न होता. या निकालाने हक्काचा परवाना मात्र रद्द झाला नाही. नियम ठेवा, मर्जी ठेवू नका, असाच त्याचा सारांश आहे. तेव्हा परवाना अजिबात नसावा हे न्यायालयाने सांगितलेले नाही, ते विधिमंडळांनी आपण होऊन ठरविले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी या निकालातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. न्यायमूर्ती थॉमस यांनी कसोटी अशी घालून दिली की, आजचा शस्त्रनिर्बंध टिकायचा असेल तर देशाच्या इतिहासात त्याला आधार दाखवावा लागेल. झालं! वकील दप्तरखान्यात शिरले आणि जुने कायदे धुंडाळू लागले. टेक्सासचा १८७१ चा कायदा पुढे आणला गेला, तर न्यायालय म्हणाले की तो अपवाद होता. पश्चिमेकडील गावांचे नियम आणले, तर ते थोड्या लोकांपुरते आणि थोड्या काळापुरते होते असे ठरले. ही कसोटी लावताना खालच्या न्यायालयांचा इतका गोंधळ उडाला की, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुलासा करावा लागला : हुबेहूब जुना कायदा सापडलाच पाहिजे असे नाही, मूळ तत्त्व जुळले तरी पुरे. घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयाचा प्रतिबंधक हुकूम आहे त्याच्या हाती बंदूक नसावी, हा निर्बंध त्या वेळी आठ विरुद्ध एक मतांनी टिकला. इतिहासाचे पुस्तक परीक्षेपुरते असते असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.

शेवटी परिणाम काय झाला, हे पाहिले पाहिजे. १९९० च्या दशकात जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की, जास्त लोकांजवळ शस्त्र असले की गुन्हेगार बिचकतो आणि गुन्हे कमी होतात. विधिमंडळांत या मताचा फार उपयोग केला गेला. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळे पुरावे तपासून सांगितले की, असा निष्कर्ष काढण्याइतका आधार नाही. २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हक्काचा परवाना आलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे, तो कायदा नसता तर असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के अधिक होते. हा अभ्यास हक्काच्या परवान्याचा आहे, बिनपरवाना पद्धतीचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे गोळी सुटली ती निम्म्याहून अधिक वेळा चोरावर किंवा वैऱ्यावर नव्हे, तर बंदूक हाती घेणाऱ्या माणसावरच.

आणि ज्या भेदामुळे मर्जीचा परवाना बदनाम झाला, तो भेद तरी गेला का? २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात पोलिसाने एक गाडी थांबविली. चालविणारा माणूस कृष्णवर्णीय होता, त्याच्याजवळ रीतसर परवाना होता आणि माझ्याजवळ बंदूक आहे हे त्याने स्वतःहून पोलिसाला सांगितले. काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी तो मेला. पुढच्या वर्षी त्या पोलिसाची निर्दोष सुटका झाली. खिशातला कागद त्याला वाचवू शकला नाही. कागद काढून टाकल्याने दुसरा कोणी वाचेल, असेही नाही. दोष कागदात नव्हता, तो पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. परवाना म्हणजे समाजाने एकमेकांवर ठेवलेल्या भरवशाचा लेखी पुरावा आहे. मी शिकलो आहे, माझे हात गुन्ह्याने माखलेले नाहीत, हे मी शेजाऱ्याला दाखवायचे आणि त्याने निश्चिंत व्हायचे. अधिकारी पक्षपात करतो तेव्हा हा पुरावा खोटा पडतो. त्यावर औषध म्हणजे पक्षपात काढून टाकणे. अमेरिकेला हे औषध १९६१ मध्येच सापडले होते. पण एकोणतीस राज्यांनी पक्षपाताबरोबर परवानाही टाकून दिला. रेशनच्या दुकानात मापात पाप होते म्हणून कोणी मापच फेकून देत नाही, तपासलेले माप आणतो.

आपल्या १९५९ च्या कायद्याने परवाना ठेवला, पण नकार द्यायचा तर सामान्यतः कारण लेखी नोंदविले पाहिजे आणि नकाराविरुद्ध अपील करता आले पाहिजे, अशी सोय केली. ही सोय कागदावर पुष्कळदा चांगली असते आणि कचेरीत तशी उतरत नाही, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच तिचा आग्रह धरणे महत्त्वाचे. कचेरीतला माणूस न्यायाने वागला तर लोक नियम पाळतात. तो तसा वागला नाही तर आज ना उद्या लोक नियमालाच शत्रू समजू लागतात, आणि मग त्या नियमाने जे जीव राखले जात होते तेही उघड्यावर पडतात.